इंग्रजी बोलायचं नंतर बघू, आधी पोरांना ऐकायला शिकवा

जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरला की आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकच विषय निघतो, सेमी इंग्रजी सुरू करायचं की नाही. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही गावात जा, वाद तोच आणि वाद घालायची पद्धतपण तीच. एक बाजू म्हणते तालुक्याच्या इंग्लिश मिडीयमची पिवळी बस रोज आपल्या वाडीतून पोरं उचलून नेते, आपण इंग्रजी दिलं नाही तर शाळेला कुलूप लागेल. दुसरी बाजू म्हणते मातृभाषेतच मूल नीट शिकतं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातपण तेच लिहिलंय, मग इंग्रजीचं एवढं वेड कशाला. त्यात २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला, सरकारला जीआर मागे घ्यावे लागले, आणि तेव्हापासून तर प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाषा किती, कितवीपासून आणि कुठल्या माध्यमातून यावर रोज भांडणं. पण ती भाषा वर्गात शिकवायची कशी, हे कोणी विचारतं का? महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर आज तिशीत आहे, त्याची स्वतःची मुलं शाळेत जायला लागली, आणि त्या आईबापांची तक्रार अजून तीच आहे की इंग्रजी लिहिता येतं थोडंफार पण बोलता येत नाही, आणि समोरचा बोलायला लागला की काही कळत नाही.

ह्या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग कोणी ऐकूनच घेत नाही असं मला वाटतं. सगळे 'बोलता येत नाही' एवढंच धरून बसतात, मग स्पोकन इंग्लिशचे क्लास निघतात, पोरांकडून भाषणं पाठ करून घेतात, गॅदरिंगला माईकवर इंग्रजीत सूत्रसंचालन होतं. माझं म्हणणं असं की बोलता येत नाही कारण ऐकलेलं समजत नाही, आणि ऐकलेलं समजत नाही कारण ते आपण कधी शिकवलंच नाही. प्राथमिकच्या पहिल्या तीन-चार वर्षांत इंग्रजीच्या तासातला मोठा वाटा ऐकण्याला दिला पाहिजे, आणि तो धडा म्हणून दिला पाहिजे, ठरवून, रोज. त्यासाठी माध्यम बदलायची गरज नाही, लँग्वेज लॅब नको, बाहेरून ट्रेनर नको. आज शाळेत जे गुरुजी आणि बाई आहेत त्यांच्याकडूनच हे होऊ शकतं.

आधी वर्गात आज काय चालतं ते नीट बघूया. बाई पुस्तक उघडतात, एक वाक्य इंग्रजीत वाचतात, लगेच त्याचं मराठी सांगतात, पुढचं वाक्य, पुढचं मराठी. 'द क्रो वॉज थर्स्टी, म्हणजे कावळ्याला तहान लागली होती. ही सॉ अ पॉट, म्हणजे त्याला एक मडकं दिसलं.' बाईंचा हेतू चांगला आहे, पोरांना समजावं हाच. पण पोराच्या बाजूने बघा. त्याला दोन दिवसांत कळतं की इंग्रजी वाक्य आलं की दोन सेकंद थांबायचं, मराठी येतंच आहे. मग तो इंग्रजी वाक्याच्या वेळी ऐकतच नाही, त्याचा कान बंद असतो आणि 'म्हणजे' हा शब्द आला की उघडतो. अशी सात-आठ वर्ष काढल्यावर त्याला इंग्रजी ऐकून समजेल कसं? न ऐकण्याची सवय आपणच लावली ना त्याला. आणि सेमी इंग्रजीत नेमकं हेच विज्ञान आणि गणिताच्या तासालापण होतं, पुस्तक इंग्रजी, फळ्यावरची व्याख्या इंग्रजी, आणि शिकवणं सगळं 'म्हणजे काय तर' करत मराठीत. त्यामुळे सेमी केलं म्हणजे पोरांच्या कानावर इंग्रजी पडतं हा समजच चुकीचा आहे, पडतो तो फक्त शब्दांचा सडा.

मराठी वर्गातून हाकलून द्या असं मी म्हणत नाहीये, हे स्पष्ट सांगतो कारण लगेच तसा अर्थ काढला जातो. गोष्ट सुरू करायच्या आधी मराठीत पाच मिनिटं बोला, ही कशाबद्दल आहे, यात कोण आहे, काय होईल असं वाटतं. गोष्ट संपल्यावर मराठीत चर्चा करा. पण मधली चार मिनिटं इंग्रजीच चालू दे, हातवारे करा, चित्र दाखवा, वस्तू उचला, परत सांगा, हळू सांगा, पण भाषांतर करू नका. ओळखीची गोष्ट घेतली तर आणखी सोपं. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला ही गोष्ट मालवणच्या पोराला माहीत असते, ती इंग्रजीत सांगितली तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं, आता फक्त शब्द पकडायचे. क्रिकेटची कॉमेंट्री आठवा, आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी माणसं सातवी-आठवी शिकलेली, पण ट्रान्झिस्टर कानाला लावून इंग्रजी कॉमेंट्री ऐकायची आणि कोण आउट झाला, कसा झाला, सगळं सांगायची. खेळ माहीत होता म्हणून भाषा समजत गेली.

आणि ऐकून आधी समजतं, बोलणं मागून येतं, ह्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्याकडे घरात मालवणी बोलणारं पोर पहिलीत येतं. बाई प्रमाण मराठीत बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत. पहिले काही महिने पोर म्हणतं 'बाई, माका कळाक नाय'. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघा, बाई काय बोलतात ते त्याला सगळं कळतं, सांगितलेलं काम ते बरोबर करतं, पण उत्तर मात्र मालवणीतच देतं. दुसरी-तिसरीपर्यंत ते दोन्ही बोलायला लागतं, बाईंशी एक आणि आवशीशी दुसरी. कोणी त्याला प्रमाण मराठीचं व्याकरण शिकवलं नाही, वाक्यावाक्याला मालवणीत भाषांतर करून दिलं नाही. ते गप्प होतं तेव्हापण शिकत होतं. मराठी आणि मालवणी जवळच्या आहेत, इंग्रजी लांबची आहे, हा फरक मान्य, खूप मोठा फरक आहे. म्हणून तर ठरवून शिकवायला पाहिजे, जे मराठीच्या बाबतीत आपोआप झालं ते इथे आपोआप होणार नाही.

इंग्रजी ऐकायला नक्की कठीण कुठे जातं हे पण बघायला हवं, कारण आपण सगळं खापर 'शब्दसंग्रह कमी' यावर फोडतो. पोराला पिक माहीत आहे, इट माहीत आहे, अप माहीत आहे, पण कोणी 'पिकिटप' म्हटलं की त्याला वाटतं हा नवीनच शब्द. कागदावर शब्दांमध्ये जागा असते, बोलण्यात नसते. शिवाय मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारतो, इंग्रजीत जोर दिलेलं तेवढं ऐकू येतं, बाकीचं गिळलं जातं. 'आय कॅन कम' आणि 'आय कान्ट कम' घ्या. पहिल्यात कॅन इतका पटकन जातो की 'आयकन्‌कम' असं ऐकू येतं, जोर सगळा कमवर. दुसऱ्यात कान्टवर जोर. पाहुणा येतोय की येत नाहीये, एवढा मोठा फरक त्या जोरात आहे. तसंच थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी. आपण पंधरा आणि पन्नास यात कधी चुकणार नाही, दोन्ही शब्द इतके वेगळे आहेत, पण इंग्रजीत ते जुळे आहेत, जोर शेवटी की सुरुवातीला एवढ्यावरच ओळखायचे. हे कोणी वर्गात पाच मिनिटं काढून दाखवलं का कधी? व्हेस्ट आणि वेस्टमधल्या व वर घासाघीस करणारे मात्र भरपूर भेटतात, तिथे मला एवढं महत्त्व वाटत नाही, संदर्भाने ते कळतं.

आता एक तास कसा होऊ शकतो तो सांगतो, पाचवी-सहावीचा. विषय रेल्वेची अनाउन्समेंट. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी स्टेशनवर पोरांनी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अनाउन्समेंट शंभर वेळा ऐकलीय, फक्त तिसरी कधी ऐकली नाही कारण गरज पडली नाही. बाई फळ्यावर तीन रकाने आखतात, गाडी, प्लॅटफॉर्म, किती लेट. मराठीत सांगतात की तुम्ही आजीला आणायला स्टेशनवर गेलाय, आजी मांडवीने येतेय. मग पुस्तक बंद, आणि बाई तोंडाने म्हणतात, 'ट्रेन नंबर वन झिरो वन झिरो थ्री, मांडवी एक्स्प्रेस, इज रनिंग लेट बाय फिफ्टी मिनिट्स अँड विल अराइव्ह ऑन प्लॅटफॉर्म नंबर टू.' पोरं वहीत रकाने भरतात. अर्ध्यांनी पंधरा लिहिलं, अर्ध्यांनी पन्नास. इथे बाई बरोबर कोण आणि चूक कोण हे सांगत नाहीत. परत म्हणतात, दोन्ही म्हणून दाखवतात, जोर कुठे येतो तिथे टाळी वाजवतात, पोरांकडून टाळी वाजवून घेतात, मग सहा-सात आकडे पटापट म्हणतात आणि पोरं टीन असेल तर उभी राहतात, टी असेल तर बसतात. मग परत मूळ अनाउन्समेंट. आता बहुतेकांचं बरोबर येतं. वीस मिनिटं झाली, खर्च शून्य, आणि पोरं कंटाळली नाहीत कारण आजीला पन्नास मिनिटं उशीर आहे की पंधरा हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची जागा ती, जिथे अर्ध्या पोरांचं चुकलं आणि बाई तिथे थांबल्या. आपल्याकडे ऐकणं म्हणून जे थोडंफार होतं ते असं असतं की मोबाईलवर ऑडिओ लावायचा, पाच प्रश्न द्यायचे, उत्तरं तपासायची, दहापैकी चार मार्क, संपलं. ही परीक्षा झाली, शिकवणं कुठे झालं? ज्याला कळलं नाही त्याला का कळलं नाही हे त्यालाही माहीत नाही आणि बाईंनाही नाही. चुकलेल्या जागी परत जायचं, ते तीन शब्द पाच वेळा ऐकवायचे, नक्की काय कानातून निसटलं ते शोधायचं, हे शिकवणं. ऐकण्याच्या तासाला चूक निघाली तरच काम सुरू होतं, त्यामुळे सगळ्यांची उत्तरं बरोबर आली तर उतारा फार सोपा होता असं समजावं.

असे प्रकार भरपूर आहेत. पहिली-दुसरीत तर बोलायचंच नाही, बाई सांगतील ते करायचं, दप्तर बाकाखाली ठेव, खिडकीला हात लावून ये, पुस्तक उघडायच्या आधी डोळे मिट. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली, अंगाने प्रतिसाद द्यायचा, तोंड नंतर. यातलं 'आधी' आणि 'नंतर' असले शब्द फार कामाचे, कारण 'बिफोर यू ओपन द बुक, क्लोज युअर आइज' यात जो नीट ऐकत नाही तो आधी पुस्तक उघडतो आणि लगेच सापडतो. तिसरी-चौथीत चित्र काढायचं, बाई वर्णन सांगतात, डावीकडे माड, मधे होडी, होडीला शीड नाही, दोन बगळे होडीच्या वर, आणि पोरं काढतात, मग शेजाऱ्याच्या चित्राशी ताडून बघतात आणि बगळे होडीवर बसलेत की हवेत आहेत यावर जोरदार वाद होतो, ऑन की अबव्ह. सातवी-आठवीत छोटा परिच्छेद दोनदा नेहमीच्या वेगाने वाचायचा, पोरांनी सुटे शब्द टिपायचे आणि दोघा-दोघांनी मिळून तो परिच्छेद परत उभा करायचा, शब्दशः नको, अर्थ आणि व्याकरण बरोबर हवं.

आणि आमच्या पट्ट्यातला अगदी खरा प्रसंग म्हणजे होमस्टेचा फोन. तारकर्ली, देवबाग, भोगवे इथे घराघरात पाहुणे येतात, बंगळुरूचे, हैदराबादचे, मराठी येत नाही, हिंदी कधी येते कधी नाही. दोन पोरांना एकमेकांकडे पाठ करून बसवा. एकाकडे चिठ्ठी, तो पाहुणा, 'वी आर टू अ‍ॅडल्ट्स अँड वन चाइल्ड, वी आर कमिंग ऑन द थर्टीन्थ, माय मदर डझन्ट ईट फिश.' दुसऱ्याकडे बुकिंगची वही, त्याने लिहून घ्यायचं आणि न कळलेलं विचारायचं. तेरा की तीस, आणि मासे कोण खात नाही, पाहुणा की पाहुण्याची आई, हे चुकलं तर घरात काय गोंधळ होतो ते त्या पोरांना चांगलं माहीत असतं, कित्येकांनी तो बघितलेला असतो.

आता विरोधातले मुद्दे, आणि त्यातले काही खरंच वजनदार आहेत. पहिला, शिक्षकांचंच इंग्रजी कच्चं, उच्चार मराठी वळणाचे, त्यांच्याकडून ऐकून पोरं चुकीचंच शिकणार. मुद्दा खोटा नाही. बऱ्याच शिक्षकांना स्वतःला इंग्रजी ऐकायची सवय नाही, त्यांनाही ती कोणी लावली नाही. पण चुकीचे उच्चार म्हणजे कोणाच्या मानाने चुकीचे? आपल्या किनाऱ्यावरची, दापोली-खेडपासून रत्नागिरी-राजापूरपर्यंतची किती माणसं बोटीवर आहेत बघा. तिथे कॅप्टन फिलिपिन्सचा असतो, चीफ इंजिनिअर युक्रेनचा, कुक गोव्याचा, आणि कामाची भाषा इंग्रजी. लंडनचा उच्चार तिथे कोणाचाच नसतो. तिथे टिकतो तो वेगवेगळ्या वळणांचं इंग्रजी ऐकून समजणारा. त्यामुळे बाईंचा कोकणी वळणाचा आवाज हा पहिला आवाज असायला काही हरकत नाही, उलट ओळखीचा म्हणून सोपा. तो एकमेव आवाज असू नये एवढंच, मोबाईलवर दुसरे चार आवाज आठवड्यातून दोनदा ऐकवले तरी पुरे. आणि रोज पोरांशी वीस मिनिटं सोपं इंग्रजी बोलून बाईंचं स्वतःचं इंग्रजी सुधारतं, हा फायदा वेगळाच.

दुसरा मुद्दा इतिहासाचा, आणि तो काढणारे वयाने मोठे असतात, आदराने बोलावं लागतं. ते म्हणतात पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३२ साली मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी छापून दर्पण काढतात, मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीत शाळा शिकलेले संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर इंग्रजीत असे ग्रंथ लिहितात की युरोपातले पंडित मान देतात, ही माणसं व्याकरण आणि भाषांतर करूनच शिकली ना? मग तीच पद्धत आज वाईट कशी? वाचायला आणि लिहायला ती पद्धत चालली हे मान्यच केलं पाहिजे, व्याकरणाला हलकं समजणारा मी नाही. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकवणं इंग्रजीतूनच होतं, वर्षानुवर्ष व्याख्यानं ऐकून कान तयार झाले, ते आपण हिशोबात धरत नाही. दोन, आपल्याला नावं आठवतात ती तरून गेलेल्यांची. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली, त्यात रानडे आणि भांडारकर पास झाले, पण बसलेल्यांतले बहुतेक नापास झाले होते. असामान्य बुद्धीच्या मूठभर मुलांना जी पद्धत मानवली ती वाडीतल्या प्रत्येक पोराला मानवेल असं धरून चालणं त्या पोरावर अन्याय आहे. त्या काळी इंग्रजीचा उपयोग मुख्यतः कागदावर होता, अर्ज, ग्रंथ, खटले. आजच्या पोराला इंग्रजी पहिल्यांदा भेटणार आहे ते फोनवर.

तिसरा मुद्दा, गावात इंग्रजी वातावरण नाही, शाळेतून सुटलं की कानावर एक शब्द पडत नाही. आणि ह्याच्या बरोबर उलटा मुद्दा, पोरं दिवसभर यूट्यूबवर इंग्रजी कार्टून बघतात, वेगळं काय ऐकवायचं? गंमत म्हणजे एकाच बैठकीत एकच माणूस दोन्ही बोलतो. यूट्यूबवर कानावर पडतं पण कळलं नाही तरी अडत नाही, चित्र पळत राहतं, पोर हसत राहतं. ऐकून काही करायचं असेल तेव्हाच ऐकणं होतं, आकडा लिहायचा, वस्तू उचलायची, वाट शोधायची. आणि वातावरण नाही म्हणता, तर शाळेतली वीस मिनिटं हेच वातावरण, म्हणून तर ती भाषांतरात घालवू नका.

चौथा मुद्दा सगळ्यात व्यावहारिक. दोनशिक्षकी शाळा, एक बाई तीन वर्ग सांभाळते, त्यात पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, ट्रेनिंगं. ही त्रेधा मी जवळून बघतो आणि बाईंवर आणखी एक उपक्रम लादायच्या मी विरोधात आहे. पण हे जास्तीचं काम नाहीये, आहे त्या तासात भाषांतराच्या जागी करायचं काम आहे. चित्र काढायला सांगणं पहिली ते चौथी एकत्र बसवूनपण होतं, मोठ्यांना जास्त बारकावे, लहानांना कमी. साधनं नसलेल्या वर्गात असलं काम झालंयही. इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू आणि मद्रासच्या साध्या शाळांत प्रयोग केला, भाषेचे नियम शिकवायचे सोडून पोरांना कामं दिली, त्यात रेल्वेचं टाइमटेबल आणि नकाशे होते, बाईंचं इंग्रजी ऐकून पोरांनी ती सोडवायची, बोलायची सक्ती नाही. खडू आणि फळ्यावर चाललं ते. आफ्रिकेत केनियाने १९८० च्या दशकात पहिली ते तिसरीच्या पोरांना रेडिओवरून इंग्रजी शिकवलं, रेडिओ प्रश्न विचारायचा, वर्ग उत्तर द्यायचा. आपल्याकडे आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र आहे, मच्छीमार त्यावर हवामान ऐकतात, मग सकाळी पंधरा मिनिटं शाळांसाठी का नको, हा प्रश्न मी कितीदा विचारलाय आणि विचारत राहणार.

पाचवा मुद्दा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. नुसतं ऐकून बोलता येतंच असं नाही. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळं शिक्षण फ्रेंचमधून द्यायचे वर्ग सुरू झाले, वर्षानुवर्ष ती मुलं फ्रेंच ऐकत होती, समजायला लागलं अगदी फ्रेंच मुलांच्या जवळपास, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहिल्याच. तिथल्याच भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं की मुलांना बोलायला भाग पाडलं पाहिजे, त्याशिवाय भाषा पक्की होत नाही. ऐकलं की सगळं आपोआप येतं असं मानणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही. पण कॅनडातल्या मुलांची अडचण समजून घेतल्यानंतरची होती, आपली पोरं तिथपर्यंत पोचलेलीच नाहीत. आणि ऐकण्याच्या तासात बोलणं येतंच, फक्त पाठ केलेलं भाषण नाही, तर ऐकलेल्यावरचं बोलणं. 'सॉरी, डिड यू से फिफ्टीन?' एवढं पहिलं वाक्य. परत विचारणं, ऐकलेलं परत म्हणून दाखवणं.

इथे परत बोटीवर जातो, कारण आपल्या घराघरातल्या माणसांनी हे केलेलं आहे. सुकाणूवर उभ्या खलाशाला अधिकारी म्हणतो 'स्टारबोर्ड टेन', म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश, खलाशी लगेच मोठ्याने परत म्हणतो 'स्टारबोर्ड टेन', आणि सुकाणू तिथे आलं की पुन्हा सांगतो. वीस वर्ष समुद्रावर काढलेला माणूसपण हे म्हणतो, त्यात कमीपणा नाही, तो नियम आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली बोटीवरच्या बोलण्याची ठराविक इंग्रजी वाक्यंच मंजूर केली, त्यात न कळल्यास परत सांगा हे म्हणायचं वाक्यसुद्धा ठरवून दिलंय. विमानांचंही तेच. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली, कझाकस्तानच्या विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं आणि ते खाली आलं, चौकशीत वैमानिकांचं इंग्रजी कमी पडल्याचा मुद्दा पुढे आला. २००८ पासून वैमानिकांच्या इंग्रजीची जी आंतरराष्ट्रीय पातळी लागू झाली त्यात ऐकून समजणं हा स्वतंत्र निकष आहे. आणि आपल्या वर्गात? पोराने 'बाई, परत सांगा' म्हटलं की पहिला प्रश्न, लक्ष कुठे होतं? मग पोर पुढच्या वेळी विचारत नाही, मान डोलवतं. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईची भावंडं येतात, आपसात इंग्रजीत पटापट बोलतात, गावातलं पोर हसत उभं राहतं, जोक कळला नाही तरी हसतं. त्याला 'काय म्हणालास? परत सांग' एवढं इंग्रजीत विचारायची सवय वर्गात लागली असती तर ते त्या गप्पांत शिरलं असतं, मोडकंतोडकं का होईना.

म्हणून माझी मागणी माध्यमाबद्दल नाही, मार्कांबद्दल आहे. दहावीला भाषा विषयांना तोंडीचे २० मार्क असतात. २०१८-१९ मध्ये ते काढले, निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, राज्यभर ओरड झाली आणि ते परत आणले. त्या वेळी सगळा वाद एवढाच होता की मार्क खिरापत आहेत की आपल्या पोरांचा हक्क आहे, सीबीएसईवाल्यांच्या मानाने आपण मागे पडतो का. त्या २० मार्कांत नक्की तपासतात काय, हे दोन्ही बाजूंनी विचारलं नाही. आज बहुतेक ठिकाणी पोर येतं, पाठ केलेला 'मायसेल्फ' म्हणतं, एखादी कविता म्हणतं, सतरा-अठरा मार्क घेऊन जातं. कोकण विभाग दरवर्षी निकालात पहिला येतो, शिक्षकांची मेहनत त्यात आहे, आपल्याला अभिमान आहेच, मग ही सुरुवातपण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या आपल्या दोन जिल्ह्यांनीच करावी. त्या २० तले १० मार्क ऐकण्याला ठेवा. शिक्षकाने फोनवरचा एक निरोप दोनदा वाचायचा, पोराने टिपायचा, निदान एक प्रश्न उलट विचारायचा, आणि निरोप स्वतःच्या शब्दांत सांगायचा. उलट प्रश्न विचारला तर मार्क कापायचे नाहीत, द्यायचे. दहावीत हे आलं की नववीत येईल, नववीत आलं की पाचवीच्या बाईंना त्यासाठी वेळ काढायची मुभा मिळेल, कारण आपल्याकडे मार्क असतील तिथेच तास मिळतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या बैठकीत सेमीचा ठराव येईल तेव्हा त्याच्या बाजूला हा ठरावपण लिहा, शाळेत रोज इंग्रजीच्या तासाला वीस मिनिटं भाषांतराशिवाय ऐकण्याचं काम होईल, आणि महिन्यातून एकदा पालकांनी मागच्या बाकावर बसून ते बघावं.